आधी तारा, मग हवा

महाश्व तारकासमूहात, पृथ्वीपासून सुमारे 160 प्रकाशवर्षांवर, एचडी 209458 नावाचा एक तारा आहे. आकाराने आणि तापमानाने बराचसा सूर्यासारखा. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, पण साध्या द्विनेत्रीतून सापडणारा. दर साडेतीन दिवसांनी त्याचा प्रकाश दीड टक्क्याहून थोडा जास्त घटतो, सुमारे तीन तास तसाच राहतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. 1999 साली ही घट मोजली गेली, तेव्हा परक्या ताऱ्याच्या बिंबावरून ग्रह सरकताना टिपण्याची ती पहिलीच वेळ होती. 2004 आणि 2012 मध्ये लोकांनी काळे चश्मे लावून शुक्राचं अधिक्रमण पाहिलं, तीच ही घटना. मात्र इथे बिंब दिसत नाही आणि त्यावरचा काळा ठिपकाही दिसत नाही. हाती येतो तो फक्त प्रकाशाचा चढउतार.

या चढउतारातून ग्रहाची हवा ओळखता येईल, असं सारा सीगर आणि दिमितार सॅसेलोव्ह यांनी 2000 साली गणिताने दाखवलं. सोडियमचा अणू पिवळ्या रंगातल्या दोन अगदी ठराविक तरंगलांबींचा प्रकाश शोषतो. रस्त्यावरच्या जुन्या सोडियम दिव्यांचा रंग तोच. ग्रहाच्या हवेत सोडियम असेल, तर नेमक्या त्या रंगात हवा अपारदर्शक होते आणि ग्रह किंचित मोठा भासतो. डेव्हिड शार्बोनो, टिमथी ब्राउन, रॉबर्ट नॉइस आणि रोनाल्ड गिलिलंड या चौघांनी हबल दुर्बिणीवरच्या वर्णपटमापकाने हेच तपासलं. नोव्हेंबर 2001 मध्ये त्यांनी निष्कर्ष जाहीर केला: सोडियमच्या रंगात घट शेजारच्या रंगांपेक्षा 0.023 टक्क्याने जास्त आहे. दहा हजार रुपयांच्या हिशेबात सव्वादोन रुपयांची तफावत, एवढाच हा फरक. सौरमालेबाहेरच्या ग्रहाची हवा माणसाने पहिल्यांदा ओळखली ती इतक्या बारीक फरकावरून.

त्या पहिल्याच मोजणीत पुढच्या पंचवीस वर्षांची एक डोकेदुखीही दडलेली होती. सोडियम सापडलं खरं, पण निरभ्र हवेसाठी वर्तवलेल्या अंदाजापेक्षा बरंच कमी. एक शक्यता तेव्हाच मांडली गेली, की वर कुठेतरी ढग असावेत आणि त्यांनी खालची हवा झाकली असावी.

ही सगळी विद्या वजाबाकीची आहे. ग्रह ताऱ्याला इतका चिकटून असतो आणि ताऱ्यापुढे इतका मंद, की बहुतेक वेळा दोघांचा प्रकाश वेगळा करता येत नाही. मग ग्रह पुढे असतानाचा प्रकाश आणि नसतानाचा प्रकाश यांची तुलना करायची. ग्रह ताऱ्यामागे लपला की त्याची स्वतःची उष्णता एकूण बेरजेतून गळते. या पिधानावरून ग्रहाच्या दिवसाच्या बाजूचं तापमान मिळतं. आणि पूर्ण प्रदक्षिणाभर नजर ठेवली, तर चंद्राच्या कलांसारख्या ग्रहाच्या कला मोजता येतात आणि दिवस व रात्र यांतला फरक कळतो. तिन्ही रीतींत उत्तर बरोबर यायचं, तर ज्यातून वजा करायचं ती रक्कम, म्हणजे तारा, पक्की ठाऊक हवी. या क्षेत्रात जे काही पक्कं ठरलं आणि जे काही कोसळलं, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच अट सापडते. वर्तमानपत्रांचे मथळे ग्रहाबद्दल असतात. प्रयोगशाळेतली खरी झुंज मात्र दिवसेंदिवस ताऱ्याशी चालली आहे.

हबल या कामासाठी बांधलेलीच नव्हती. ती एप्रिल 1990 मध्ये अवकाशात गेली. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला परग्रह मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांना 1995 साली सापडला. 2003 साली गेलेली अवघ्या 85 सेंटिमीटर आरशाची स्पिट्झर दुर्बीणही दीर्घिका आणि तारकांच्या जन्मस्थळांसाठी होती. तरी याच दोघींनी पायाभरणी केली. मार्च 2005 मध्ये स्पिट्झरने दोन ग्रहांची उष्णता थेट मोजल्याचं जाहीर झालं. 2007 मध्ये हेदर नटसन आणि सहकाऱ्यांनी एचडी 189733 बी या ग्रहावर स्पिट्झर सलग 33 तास रोखून धरली आणि परग्रहाचा पहिला तापमान-नकाशा काढला. या ग्रहाची एक बाजू कायम ताऱ्याकडे असते. तेव्हा सर्वांत तापलेली जागा बरोबर मध्यान्हाच्या बिंदूवर असायला हवी. ती मात्र पूर्वेकडे सरकलेली निघाली. एवढी उष्णता ओढून नेणारे प्रचंड वेगाचे वारे तिथे वाहत असले पाहिजेत. 64 प्रकाशवर्षांवरच्या, ठिपका म्हणूनही न दिसणाऱ्या ग्रहावरचा वारा असा पकडला गेला. या विषयातल्या सर्वांत देखण्या मोजणींपैकी ही एक, यात शंका नाही.

वर्णपटावरून दूरच्या हवेतला वायू ओळखण्याच्या या परंपरेचा एक धागा आपल्या भागातूनही जातो. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात गुंटूरला पिएर जान्सेन, तर पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात जॉन हर्शेल वर्णपटदर्शक घेऊन उभे होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली आणि ती सोडियमची असावी असं वाटलं. नॉर्मन लॉकयर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, तिची जागा मोजली. रेषा सोडियमच्या शेजारी होती, सोडियमची नव्हती. त्यातून हेलियम पुढे आला. कोकणात या शोधाचं श्रेय विजयदुर्गाला देण्याची प्रथा आहे, पण लॉकयर विजयदुर्गावर आले ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी, आणि तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडला होता. किल्ल्याचा मान त्याने कमी होत नाही. तिथे झालेली ग्रहणाची निरीक्षणं खरीच आहेत. सूर्यावरच्या त्या शोधाला दीडशे वर्षं झाली त्याच वर्षी, 2018 मध्ये, जेसिका स्पेक आणि सहकाऱ्यांनी हबलच्या साहाय्याने वास्प-107 बी या फुगलेल्या, हलक्या ग्रहाच्या हवेत हेलियम शोधला. परग्रहावर हा वायू सापडण्याची ती पहिलीच वेळ. सीगर आणि सॅसेलोव्ह यांनी 2000 साली तो शोधा असं सुचवलं होतं.

मधली काही वर्षं मात्र ढगांनी खाल्ली. भुजंगधारी तारकासमूहातला जीजे 1214 बी हा 2009 साली सापडलेला ग्रह पृथ्वीच्या पावणेतीन पट रुंद, आणि अवघ्या 48 प्रकाशवर्षांवर. पृथ्वी आणि नेपच्यून यांच्या मधल्या मापाचा. असा एकही ग्रह आपल्या सौरमालेत नाही, पण इतरत्र हेच माप सर्रास आढळतं. त्याची हवा पाण्याच्या वाफेची आहे की हायड्रोजनची, यावर पैजा लागल्या होत्या. लॉरा क्राइडबर्ग आणि सहकाऱ्यांनी हबलने त्याची 15 अधिक्रमणं पाहिली. इतक्या चिकाटीने तोवर एकाही ग्रहाचा वर्णपट घेतला गेला नव्हता. 2014 मध्ये निकाल आला: सपाट रेषा. वाफ नाही, मिथेन नाही, काहीच नाही. मोजणी इतकी नेमकी होती की नुसत्या जड वायूंनी हे समजावता येईना. वर दाट ढग किंवा धुरकं पसरलेलं असणार, हाच अर्थ उरला. सपाट रेषेतूनही शिकता येतं, फक्त त्यासाठी ती रेषा खरोखर सपाट असल्याची खात्री हवी, आणि 15 फेऱ्यांनी ती दिली.

मग 25 डिसेंबर 2021 रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून जेम्स वेब दुर्बीण निघाली. साडेसहा मीटरचा आरसा, सोन्याचा मुलामा दिलेले बेरिलियमचे 18 षटकोनी तुकडे, टेनिस कोर्टाएवढी पाच पदरी सावली, पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर मुक्काम. मध्य-अवरक्त प्रकाश टिपणारं तिचं उपकरण उणे 266 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावं लागतं, कारण त्याहून गरम झालं तर ते स्वतःच्याच उष्णतेने आंधळं होईल. परग्रहांच्या दृष्टीने मोलाची गोष्ट म्हणजे अवरक्त प्रकाशातली तिची रुंद खिडकी. पाणी, मिथेन, कार्बन डायऑक्साइड या सगळ्यांच्या ठळक खुणा तिथेच पडतात. हबलला त्या खिडकीचा केवळ काठ दिसत होता.

फरक किती, हे वास्प-39 बी या ग्रहाने दाखवलं. कन्या तारकासमूहात, सुमारे 700 प्रकाशवर्षांवर, शनीएवढ्या वस्तुमानाचा, पण गुरूहून जास्त फुगलेला हा ग्रह चार दिवसांत ताऱ्याभोवती फिरतो. त्याची हवा 900 अंशांपर्यंत तापलेली आहे. जुलै 2022 मध्ये वेबने त्याचं अधिक्रमण पाहिलं, आणि नाताली बताल्हा यांच्या नेतृत्वाखालच्या मोठ्या चमूने ऑगस्टमध्ये आलेख पुढे ठेवला. 4.3 मायक्रॉनपाशी एक टेकडी उभी होती. कार्बन डायऑक्साइड. परग्रहावरच्या या वायूचा पहिला निःसंदिग्ध पुरावा. इतका ठळक, की आकडेमोड न करताही डोळ्यांना दिसावा.

त्या टेकडीच्या डाव्या उतारावर, 4 मायक्रॉनच्या जरा पुढे, एक छोटा उंचवटा होता. चमूने तो लपवला नाही आणि घाईने त्याला नावही दिलं नाही. पहिल्या लेखात तो न उलगडलेला म्हणूनच छापला. काही महिन्यांत कोडं सुटत गेलं. तो सल्फर डायऑक्साइड होता. इतक्या उष्ण, हायड्रोजनने भरलेल्या हवेत गंधक मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात राहायला हवं. ताऱ्याचे अतिनील किरण पाण्याचे रेणू फोडतात, त्या तुकड्यांशी गंधकाची रासायनिक साखळी चालते आणि शेवटी सल्फर डायऑक्साइड तयार होतो. पृथ्वीचा ओझोनही सूर्याच्या अतिनील किरणांतूनच घडतो. ताऱ्याच्या उजेडाने परग्रहाच्या हवेत रसायनं घडवल्याचा हा पहिला पुरावा होता, आणि तो एका बेवारशी उंचवट्यातून आला. विज्ञानातला चांगुलपणा कसा दिसतो असं विचारलं, तर त्या पहिल्या आलेखाकडे बोट दाखवावं.

त्यानंतर राक्षसी ग्रहांच्या बाबतीत निकालांचा ओघ लागला. वास्प-43 बीवर दिवसाची बाजू 1,250 अंश सेल्सिअस आणि रात्रीची 600 अंश, रात्रीकडे दाट ढग, विषुववृत्तावर ताशी 8,000 किलोमीटरचा वारा: 2024 मध्ये एवढा हवामानाचा अहवाल छापून आला. वास्प-107 बीच्या हवेत वाळूच्या जातीच्या कणांचे ढग सापडले. एचआर 8799 या ताऱ्याभोवतीचे ग्रह इतके दूर फिरतात की त्यांची थेट छबी घेता येते. त्यांच्यातला कार्बन डायऑक्साइडही 2025 मध्ये वेबने टिपला. मोठ्या, उष्ण, फुगलेल्या ग्रहांची हवा आता वाचता येते. त्यावर शंका घेण्याचे दिवस सरले.

शंका उरते ती छोट्या, थंड ग्रहांबाबत, आणि लोकांचं सगळं कुतूहल नेमकं तिथेच आहे.

सिंह तारकासमूहात 124 प्रकाशवर्षांवर के2-18 बी आहे. पृथ्वीच्या 2.6 पट रुंद, साडेआठ पटींहून थोडा जड, लाल बटू, म्हणजे छोट्या, थंड ताऱ्याभोवती 33 दिवसांत फिरणारा. सप्टेंबर 2019 मध्ये लंडन आणि माँट्रियल इथल्या दोन वेगळ्या चमूंनी हबलच्या निरीक्षणांवरून तिथे पाण्याची वाफ असल्याचं जाहीर केलं आणि जगभर बातमी झाली. 2023 मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या चमूने वेबची निरीक्षणं मांडली, तेव्हा वाफ दिसलीच नाही. दिसले मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड. हबलच्या अरुंद खिडकीत मिथेनची खूण पाण्याच्या खुणेवर पडत होती. चार वर्षं जग ज्याला पाणी समजत होतं ते बहुधा मिथेन होतं.

वाराणसीच्या आयआयटीत शिकलेल्या मधुसूदन यांनी 2021 साली एक कल्पना मांडली होती: हायड्रोजनच्या हवेखाली महासागर असलेले ग्रह असू शकतात आणि ते जीवसृष्टीला पोषक असू शकतात. के2-18 बी हा त्यांचा आवडता उमेदवार. 2023 च्या लेखात डायमिथाइल सल्फाइड या वायूची पुसटशी चाहूल होती. पृथ्वीवर तो मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून येतो. एप्रिल 2025 मध्ये त्यांच्या चमूने वेबच्या दुसऱ्या उपकरणाने, 6 ते 12 मायक्रॉनच्या पट्ट्यात घेतलेला वर्णपट छापला आणि हा वायू किंवा त्याचा सख्खा भाऊ डायमिथाइल डायसल्फाइड तिथे असल्याचा संकेत मिळाल्याचं सांगितलं. प्रमाण पृथ्वीवरच्यापेक्षा हजारो पटींनी जास्त. संकेताची ताकद तीन सिग्मा, म्हणजे निव्वळ योगायोगाने तो उमटण्याची शक्यता 0.3 टक्के.

या 0.3 टक्क्याने फार घोटाळा केला. पुष्कळ वाचकांनी त्याचा अर्थ घेतला की तिथे जीवसृष्टी असण्याची खात्री 99.7 टक्के आहे. तो आकडा फक्त एवढंच सांगतो की आलेख सपाट मानण्यापेक्षा त्यात हे रेणू धरले तर तो जास्त चांगला जुळतो. दुसरे रेणू धरले तरी तितकाच जुळेल का, हा प्रश्न त्यात नाहीच; आणि काही आठवड्यांत नेमका तोच विचारला गेला. ऑक्सफर्डच्या जेक टेलर यांनी कुठलाही रेणू न धरता तीच निरीक्षणं तपासली, तर सरळ रेषाही पुरेशी ठरली. इतरांनी बरेच वेगवेगळे वायू घालून पाहिले. त्यातले अनेक तितकेच बसले. शिवाय हा वायू 67पी या धूमकेतूवरही आढळला आहे आणि प्रयोगशाळेत निर्जीव मिश्रणातूनही तयार झाला आहे. मुळात तिथे महासागर आहे की नाही, यावरही एकमत नाही. काहींच्या मते तोच वर्णपट छोट्या नेपच्यूनसारख्या, वायूने भरलेल्या ग्रहाचा असू शकतो. काहींच्या मते खाली वितळलेल्या खडकाचा समुद्र असू शकतो. मधुसूदन यांच्या चमूने आणखी निरीक्षणं हवीत असं स्वतःच म्हटलं होतं, हे नोंदवायला हवं. दावा धाडसी होता, पण खुला होता, आणि निरीक्षणं सर्वांना तपासता आली म्हणूनच तो इतक्या लवकर घासून पाहिला गेला.

जीवसृष्टीची खूण म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न दुर्बिणींपेक्षा जुना आहे. जेम्स लव्हलॉक यांनी 1960 च्या दशकात सांगितलं की एकट्या वायूवर भरवसा ठेवू नये. एकत्र टिकू न शकणारे वायू एकत्र सापडले, तर कोणीतरी ते सतत पुरवत असलं पाहिजे. डिसेंबर 1990 मध्ये गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान पृथ्वीजवळून गेलं, तेव्हा कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी यानाची उपकरणं पृथ्वीवरच रोखली, जणू हा ग्रह आपल्याला माहीतच नाही. ऑक्सिजनची रेलचेल, त्यासोबत मिथेन आणि वनस्पतींमुळे लाल प्रकाशात पडणारी तीव्र पायरी एवढं त्यांना मिळालं. भारतानेही हा धडा गिरवला आहे. 2023 च्या चांद्रयान-3 च्या प्रणोदन भागावर ‘शेप’ नावाचं एक छोटं उपकरण होतं. लँडरच्या गाजावाजात त्याच्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. चंद्राच्या कक्षेतून पृथ्वीचा अवरक्त वर्णपट आणि प्रकाशाचं ध्रुवण मोजायचं, म्हणजे दुरून पाहिलेली जिवंत पृथ्वी कशी दिसते याचा नमुना परग्रहांच्या अभ्यासाला मिळेल, एवढंच त्याचं काम. एका उपकरणाच्या मानाने हे काम मोठं आहे.

आज खरा कस लागतो आहे तो याहून साध्या प्रश्नावर: लाल बटू ताऱ्यांभोवतीच्या खडकाळ ग्रहांवर हवा आहे तरी का?

आपल्या सूर्यापुढून जाणारी पृथ्वी दुरून पाहिली, तर प्रकाश दहा लाखांत 84 भागांनी घटेल, आणि तिच्या हवेचा वाटा त्यातला फार तर एखादा भाग. वेबलाही हे मोजता येत नाही. म्हणून छोटे तारे निवडले जातात. तारा जितका छोटा, तितकी ग्रहाची सावली मोठी. त्यांत सर्वांत लाडका ट्रॅपिस्ट-1: कुंभ तारकासमूहात, 40 प्रकाशवर्षांवर, गुरूपेक्षा थोडासाच मोठा तारा, आणि त्याच्याभोवती पृथ्वीच्या मापाचे सात ग्रह. मिशेल गिलों यांच्या चमूने पहिले तीन 2016 मध्ये आणि सातही 2017 मध्ये जाहीर केले. 2016 च्या निरीक्षणांत लडाखमधल्या हानले इथल्या हिमालयन चंद्र दुर्बिणीचाही वाटा होता.

पण लाल बटू तारुण्यात फार दांडगे असतात. त्यांचे भडके आणि क्ष-किरण जवळच्या ग्रहांची हवा उडवून लावू शकतात. कोणाची हवा टिकते आणि कोणाची जाते, यांमधल्या सीमेला शास्त्रज्ञ वैश्विक किनारा म्हणतात. वेबने 2023 मध्ये सर्वांत आतल्या ट्रॅपिस्ट-1 बीची पाच पिधानं पाहिली. दिवसाची बाजू सुमारे 230 अंश सेल्सिअस निघाली, म्हणजे उघड्या, काळ्या खडकाची असावी तितकीच. उष्णता रात्रीकडे नेणारी हवा असती तर ती एवढी तापली नसती. पुढच्या, सी ग्रहावर 107 अंशांच्या आसपास, आणि शुक्रासारखं दाट कार्बन डायऑक्साइडचं आवरण नाही. 2024 मध्ये दुसऱ्या तरंगलांबीवर मोजल्यावर बीचं चित्र पुन्हा थोडं धूसर झालं: एक तर ताजा ज्वालामुखी खडक, नाहीतर धुरकट हवा. निकालाची दारं अशी पूर्ण बंद होत नाहीत.

अधिक्रमणाच्या रीतीत तर ताराच आडवा येतो. सूर्याच्या डागांत तापमान इतकं उतरतं की तिथे पाण्याच्या वाफेची खूण दिसते. लाल बटू आधीच थंड. त्याच्या डागांत वाफ हमखास. ग्रह डाग नसलेल्या भागावरून सरकला, तर उरलेल्या ताऱ्यातली वाफ वजाबाकीत ग्रहाच्या खात्यावर जमा होते. 26 प्रकाशवर्षांवरच्या जीजे 486 बीच्या बाबतीत 2023 मध्ये हेच झालं. वाफेची खूण मिळाली, पण ती ग्रहाची की ताऱ्याची, हे सांगता आलं नाही, आणि लेखकांनी ते तसंच लिहिलं.

ट्रॅपिस्ट-1 ई हा त्या सातांतला सर्वांत आशेचा, कारण तिथे हवा असली तर पाणी द्रवरूपात राहू शकतं. त्याच्या पहिल्या चार अधिक्रमणांचे निकाल सप्टेंबर 2025 मध्ये आले. हायड्रोजनची मूळ हवा उरलेली नाही, शुक्र किंवा मंगळासारखी कार्बन डायऑक्साइडची हवा असण्याची शक्यता कमी, मिथेनची चाहूल आहे पण ती ताऱ्याचीही असू शकते; उघडा खडकही अजून नाकारता येत नाही. यावर नेस्टर एस्पिनोझा, नताली अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी जो उपाय काढला आहे तो मन लावून समजून घेण्यासारखा आहे. बी ग्रहावर बहुधा हवा नाही. तेव्हा बी आणि ई पाठोपाठ ताऱ्यापुढून जातात अशाच वेळा निवडायच्या. बीच्या वर्णपटात जे चढउतार दिसतील ते हवेचे असणार नाहीत, म्हणजे ताऱ्याचे. तेच काही तासांच्या अंतराने मिळालेल्या ईच्या वर्णपटातून काढून टाकायचे. अशा 15 जोड्या पाहण्याचं काम हाती घेतलं गेलं आहे. ज्या ग्रहावर हवा नाही, तोच शेजारच्या ग्रहाची हवा शोधायला उपयोगी पडतो आहे.

हाच विचार नव्या मोहिमांमध्ये मुरला आहे. नासाच्या पँडोरा या छोट्या दुर्बिणीचा आरसा अवघा 45 सेंटिमीटर. दृश्य प्रकाशात ताऱ्याचे डाग आणि त्याच वेळी अवरक्तात ग्रहाचा वर्णपट असं ती 20 ग्रहांसाठी, प्रत्येकी दहा वेळा, दर खेपेस 24 तास पाहणार. वेबवर एवढा निवांत वेळ एका ताऱ्याला मिळणं अशक्य. युरोपीय अवकाश संस्थेची एरियल दुर्बीण सुमारे हजार ग्रहांचे वर्णपट घेण्यासाठी तयार होते आहे; एकेका ग्रहाच्या कहाणीपेक्षा ग्रहांच्या जातीजमातीचं चित्र त्यातून मिळेल. वेबच्या संचालकांनी आपल्या राखीव वेळेतले 500 तास खडकाळ ग्रहांची पिधानं पाहायला दिले आहेत, आणि त्यासोबत हबलच्या सुमारे 250 फेऱ्या त्या ग्रहांच्या ताऱ्यांचा अतिनील प्रकाश मोजायला. ग्रह एकीकडे, तारा दुसरीकडे, दोन्ही हिशेब एकाच वेळी.

सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीची खरीखुरी दुसरी पृथ्वी मात्र यांपैकी कोणाच्याच आवाक्यात नाही. दृश्य प्रकाशात सूर्य पृथ्वीपेक्षा एक हजार कोटी पट तेजस्वी आहे. ताऱ्याचा उजेड तितका दाबून टाकणारी दुर्बीण बांधावी, अशी शिफारस अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांच्या दशवार्षिक आढाव्याने 2021 मध्ये केली. हॅबिटेबल वर्ल्ड्स ऑब्झर्व्हेटरी या नावाने तिची आखणी सुरू आहे आणि राहण्याजोगे निदान 25 ग्रह तपासण्याचं तिचं उद्दिष्ट आहे. कोणत्या ताऱ्यांकडे पाहायचं, याची 164 जवळच्या ताऱ्यांची एक प्राथमिक यादी नासाच्या शास्त्रज्ञांनी आधीच छापली आहे. त्यांची वयं, त्यांच्यातलं धातूंचं प्रमाण, त्यांचे डाग आणि त्यांचे अतिनील किरण यांची मोजदाद आत्ताच व्हायला हवी, कारण ग्रहाच्या हवेत ऑक्सिजन दिसलाच, तर तो झाडांनी सोडला की ताऱ्याच्या अतिनील किरणांनी पाणी फोडून बनवला, हे त्याशिवाय ठरवता येणार नाही. त्या मोजदादीतला अतिनील भाग नेमकेपणाने करू शकणारी मोठी दुर्बीण आज एकच आहे, हबल. आणि जून 2024 पासून ती दिशा धरून ठेवणाऱ्या एकाच जायरोस्कोपवर काम करते आहे.